कोकणात बेस गिटार: साधे वाद्य, साधा अ‍ॅम्प, साधी जोडणी

गणेशोत्सवातील ऑर्केस्ट्रा, चर्चमधील गायनवृंद, अलिबाग-मालवणकडील रिसॉर्टमध्ये शनिवारी रात्री वाजवणारे छोटे बँड आणि अलीकडे कीबोर्ड व ऑक्टोपॅड घेऊन बसणारी काही भजनी मंडळे, अशा निरनिराळ्या ठिकाणी कोकणात बेस, म्हणजे खर्जाचे स्वर देणारी जाड तारांची गिटार, वाजवणारा हवा असतो. तो बहुतेक वेळा साधी गिटार वाजवणाऱ्या मुलांपैकीच कोणीतरी असतो, आणि ‘आजपासून तू बेस धर’ एवढ्यावर त्याची नेमणूक झालेली असते. अशा नवशिक्याला पहिल्याच महिन्यात पाच तारांचे वाद्य, पेडलांची (आवाज बदलण्यासाठी पायाने दाबायच्या खोक्यांची) रांग, मोठे कॅबिनेट (स्पीकरची वेगळी पेटी) असे सल्ले मिळू लागतात. हा लेख त्याच्या उलट दिशेने जाणारा आहे. बोटापासून श्रोत्याच्या कानापर्यंत जितके सांधे कमी, तितके बिघाड कमी आणि बिघाड सापडायला लागणारा वेळही कमी, हे सगळीकडेच खरे आहे. पण खारा वारा, जून ते सप्टेंबरचा पाऊस आणि संध्याकाळी खाली-वर होणारा विजेचा दाब असलेल्या या पट्टीत ते अधिकच खरे आहे.

वाद्य निवडताना

पहिले वाद्य चार तारांचे आणि पॅसिव्ह असावे. पॅसिव्ह म्हणजे ज्याच्या पोटात बॅटरीवर चालणारे सर्किट नाही असे. त्यावर व्हॉल्यूमचा एक नॉब आणि टोनचा एक नॉब, फार तर दोन पिकअपसाठी (तारांचा कंप विजेच्या सिग्नलमध्ये बदलणाऱ्या चुंबकी भागांसाठी) दोन व्हॉल्यूम, एवढेच असते. अ‍ॅक्टिव्ह बेसमध्ये ९ व्होल्टची बॅटरी असते, केबल जॅकमध्ये खोचलेली असेपर्यंत ती खर्च होत राहते, आणि संपत आली की आवाज आधी फाटतो आणि मग बंद पडतो. अ‍ॅक्टिव्ह वाद्य वाईट असते असे नव्हे. पण रात्री साडेनऊला एखाद्या वाडीतल्या मंडपात ही चौकोनी बॅटरी मिळण्याची शक्यता फारच कमी असते. ज्यांच्याकडे अ‍ॅक्टिव्ह बेस आधीच आहे त्यांनी वाजवून झाल्यावर केबल काढून ठेवण्याची सवय लावून घ्यावी आणि पिशवीत एक नवी बॅटरी कायम ठेवावी.

पिकअपच्या दोन मांडण्या बाजारात सर्वाधिक दिसतात. लिओ फेंडर यांच्या कंपनीने १९५१ मध्ये प्रिसिजन बेस आणला, १९५७ मध्ये त्याचा पिकअप दोन तुकड्यांत विभागला, आणि १९६० मध्ये दोन पिकअपचा जॅझ बेस आला. आजचे बहुतेक स्वस्त बेस या दोहोंपैकी एकाच्या धर्तीवर बनलेले असतात. प्रिसिजन पद्धतीचा दोन तुकड्यांचा पिकअप विजेची घरघर स्वतःच मारून टाकतो. जॅझ पद्धतीत दोन्ही व्हॉल्यूम सारखे ठेवले तरच ती घरघर जाते, आणि एक कमी केला की परत येते. रोषणाईच्या माळा, जनरेटर आणि एलईडी पडदा यांच्या शेजारी उभे राहून वाजवायचे असेल तर प्रिसिजन पद्धतीचा बेस निवडावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

पाचव्या तारेचा मोह टाळावा. ती तार सुमारे ३१ हर्ट्झवर बोलते, आणि नवशिक्याच्या लहान अ‍ॅम्पमधून त्या स्वराचा पाया बाहेर पडतच नाही; ऐकू येते ती केवळ वरची गुणगुण. चार तारांतील सर्वांत जाड तार ४१ हर्ट्झची असते, आणि तिलाही न्याय देणारे स्पीकर फारसे नसतात. ज्यांचा पंजा लहान आहे त्यांनी ३४ इंचांच्या नेहमीच्या लांबीऐवजी ३० इंची वाद्य हातात धरून पाहावे. पहिल्या चार फ्रेटवर, म्हणजे नेकवरील (वाद्याच्या दांड्यावरील) धातूच्या आडव्या पट्ट्यांवर, चारही बोटे न ओढाताण होता बसली पाहिजेत.

जुने वाद्य घेण्यास हरकत नाही. गोव्यात बँडची परंपरा जुनी असल्याने तिकडे चांगली वाद्ये अधूनमधून विकायला निघतात. मात्र घेण्यापूर्वी प्रत्येक तारेचा प्रत्येक फ्रेट वाजवून पाहावा, नॉब फिरवताना खरखर होते का ते ऐकावे, ब्रिजच्या (तारांची खालची टोके जिथे अडकतात त्या भागाच्या) स्क्रूंवर हिरवट थर चढला आहे का ते पाहावे, आणि नेकच्या आतील ट्रस रॉड (नेकचा वाक कमी-जास्त करणारी सळई) खरोखर फिरतो का याची विक्रेत्यासमोरच खात्री करून घ्यावी. खरखरणारा नॉब कॉन्टॅक्ट क्लीनरच्या एका फवाऱ्याने सुधारतो. गंजून जाम झालेला ट्रस रॉड सहसा सुधारत नाही.

तारा आणि खारा वारा

किनाऱ्यालगतच्या गावात नव्या तारांची चमक फार दिवस टिकत नाही. नेहमीच्या तारा गोल तारेने गुंडाळलेल्या असतात, त्या गुंडाळीच्या खाचांत घाम, मीठ आणि मळ साचतो, आणि मग गंज व बोदा आवाज हे दोन्ही एकदमच येतात. यावर दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे वाजवून झाल्यावर प्रत्येक तार कोरड्या सुती कापडाने वरून आणि खालूनही पुसणे. मलमलीचे किंवा जुन्या धोतराचे फडके यासाठी उत्तम, आणि ते केसमध्येच ठेवावे म्हणजे विसरत नाही. दुसरा मार्ग सपाट पट्टीने गुंडाळलेल्या, म्हणजे फ्लॅटवाउंड तारा लावण्याचा. त्या महाग असतात, पण त्यांचा पृष्ठभाग गुळगुळीत असल्याने मळ धरत नाहीत, फ्रेट कमी झिजवतात, आणि त्यांचा गोलसर, थोडा मिटलेला आवाज भजन, नाट्यगीत व जुन्या चित्रपटगीतांना फार चांगला जुळतो. अमेरिकेतील मोटाउन या ध्वनिमुद्रण कंपनीचा प्रसिद्ध बेसवादक जेम्स जेमरसन १९६२ सालच्या प्रिसिजन बेसवर अशाच तारा वाजवीत असे, त्या सहसा बदलत नसे, आणि उजव्या हाताच्या फक्त तर्जनीने वाजवीत असे. बेसवादनाच्या इतिहासातील कितीतरी उत्तम काम एवढ्याच सामग्रीवर झाले आहे.

जुन्या तारा पाण्यात उकळून पुन्हा वापरण्याचा उपाय अनेकजण सांगतात. तो काही दिवस चालतो हे खरे. पण आपल्याकडच्या दमट हवेत गुंडाळीच्या आत राहिलेला ओलावा सुकत नाही आणि तार आतून गंजते. त्यापेक्षा जाडी .०४५ ते .१०५ इंच असा नेहमीचा एक जादा संच घरात ठेवावा, कारण बेसच्या तारा तालुक्याच्या गावी मिळतीलच असे नाही आणि मागवल्या तर पावसाळ्यात पार्सल केव्हा पोचेल याचाही नेम नसतो. नंतर तारा बदलतानाही जाडी तीच ठेवावी. जाडी बदलली की ताण बदलतो, ताण बदलला की नेक हलते, आणि मग एका साध्या कामाची चार कामे होतात. फ्लॅटवाउंड लावतानाही हे ध्यानात घ्यावे, कारण त्यांचा ताण बहुधा थोडा जास्त असतो.

फ्रेटबोर्डला खोबरेल तेल लावू नये. घरात ते हाताशी असते म्हणून मोह होतो, पण ते लाकडात साचून चिकट होते आणि काही दिवसांनी खवट वास येऊ लागतो. रोझवूडसारख्या उघड्या लाकडाला वर्षातून एक-दोनदा वाद्यांसाठी मिळणारे लेमन ऑइल कापडावर घेऊन लावावे. पॉलिश केलेल्या मेपलच्या फ्रेटबोर्डला तेही नको, कोरडे कापड पुरे.

वाद्य लावणे आणि पेटीचा स्वर

ट्यूनरसाठी वेगळे पेडल घेण्याची घाई नको. नेकच्या टोकाला चिमट्याने बसणारा छोटा ट्यूनर पुरतो. जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत ई, ए, डी, जी असा क्रम असतो, आणि पेटीच्या भाषेत त्याच तारा पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन आणि पांढरी पाच होत. भजनी मंडळात किंवा नाट्यसंगीताच्या साथीला बसायचे तर ही दुसरी नावे पाठ असणे अत्यंत आवश्यक आहे, कारण तिथे कोणी ‘ए’ म्हणणार नाही, ‘पांढरी सहा’ म्हणेल.

गायकाचा षड्ज काळ्या पट्टीत आला की नवशिके दोन चुकीच्या वाटांनी जातात: काहीजण सगळ्या तारा उतरवतात किंवा चढवतात, आणि काहीजण खुल्या तारांवरच अडून राहतात. दोन्हींची गरज नाही. काळी एकचा सा ए तारेच्या चौथ्या फ्रेटवर आणि काळी दोनचा त्याच तारेच्या सहाव्या फ्रेटवर मिळतो. काळी तीन, काळी चार आणि काळी पाच यांचे सा ई तारेवर अनुक्रमे दुसऱ्या, चौथ्या आणि सहाव्या फ्रेटवर आहेत. या जागांवरून खुली तार न वापरता पंचम आणि वरचा सा घेण्याचा सराव केला की पट्टी कोणतीही असो, बोटांची मांडणी एकच राहते. पंचम शेजारच्या बारीक तारेवर दोन फ्रेट पुढे असतो, आणि वरचा सा त्याच्या पुढच्या तारेवर त्याच फ्रेटवर.

येथे दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली, जुनी पेटी नेहमीच्या, म्हणजे पांढरी सहा ४४० हर्ट्झ धरणाऱ्या मापात असेलच असे नाही, आणि ती कार्यक्रमाच्या ठिकाणी लावून घेता येत नाही. लवायचे ते बेसनेच. पेटीवाल्या बुवांना पांढरी सहा धरून ठेवण्याची विनंती करावी, ट्यूनरचे मूळ माप ४४० वरून ४४१, ४४२ असे सरकवत काटा मध्यावर येईल तिथे थांबावे, आणि मग त्या मापाने चारही तारा लावाव्यात. चिमट्याच्या ट्यूनरला हवेतून आवाज ऐकण्यासाठी माईकची सोय असते, नसेल तर मोबाइलवरील ट्यूनर चालतो. दुसरी गोष्ट कीबोर्डवाल्यांची. ते बहुधा ट्रान्सपोजचे (पट्टी आपोआप सरकवणारे) बटण दाबून आपल्या सवयीच्याच पट्ट्या वाजवत असतात, त्यामुळे त्यांच्या बोटांकडे पाहून स्वर ठरवणे धोक्याचे असते. ‘प्रत्यक्ष पट्टी कोणती?’ हा प्रश्न गाणे सुरू होण्यापूर्वी विचारून घ्यावा.

नेक आणि तारांची उंची

रत्नागिरीत वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो. त्या हवेत लाकूड पाणी धरते, आणि चार तारांचा मिळून ७० किलोहून अधिक ताण सोसणारी नेक पुढे किंवा मागे थोडी वाकते. एप्रिलमध्ये सुरेख वाजणारा बेस जुलैमध्ये फ्रेटवर खडखडू लागला किंवा तारा अचानक उंच वाटू लागल्या तर वाद्य बिघडले असे समजू नये.

तपासणी अशी करावी. तार सुरात असताना जाड तार पहिल्या फ्रेटवर डाव्या हाताने आणि नेक धडाला जिथे मिळते त्या फ्रेटवर उजव्या हाताने दाबावी, आणि मधल्या सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार व फ्रेट यांच्यामध्ये साधे व्हिजिटिंग कार्ड सरकवून पाहावे. ते किंचित घासत गेले, म्हणजे फट सुमारे ०.३ मिलिमीटर आहे, तर नेक ठीक आहे आणि हात लावण्याचे कारण नाही. फट बरीच जास्त असेल तर ट्रस रॉड योग्य मापाच्या ॲलन कीने घड्याळाच्या दिशेने फिरवून घट्ट करावा. फट मुळीच नसेल तर उलट दिशेने सैल करावा. एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक फिरवू नये, आणि पुढचा पाव फेरा दुसऱ्या दिवशीच द्यावा, कारण लाकडाला सरकायला वेळ लागतो. जोर लावावा लागत असेल तर थांबून जाणकाराकडे जावे. नेक सरळ झाल्यावरच ब्रिजवरील सॅडलने (तार ज्यावर टेकते त्या छोट्या तुकड्याने) तारांची उंची ठरवावी; बाराव्या फ्रेटपाशी २ ते २.५ मिलिमीटर उंची बहुतेकांना सोयीची पडते.

त्यानंतर बाराव्या फ्रेटवर तार दाबून वाजवलेला स्वर आणि त्याच जागी तारेला नुसते बोट टेकवून काढलेला स्वर ट्यूनरवर ताडून पाहावेत. दाबलेला स्वर चढा निघाला तर सॅडल मागे, उतरता निघाला तर पुढे. हे काम पावसाळा स्थिरावल्यावर एकदा आणि दिवाळीच्या सुमारास हवा कोरडी पडल्यावर एकदा केले की पुरते. दर आठवड्याला स्क्रूड्रायव्हर घेऊन बसणाऱ्यांचे वाद्य कधीच जागेवर राहत नाही.

केबल

वाद्य बंद पडते तेव्हा दोष बहुतेकदा केबलचा किंवा जॅकच्या सैल नटचा असतो. घरासाठी ३ मीटरची आणि स्टेजसाठी ६ मीटरची अशा दोन केबल असाव्यात. पॅसिव्ह वाद्यावर केबल फार लांब झाली की आवाजाची धार कमी होते. केबल हाताच्या कोपराभोवती पिळून गुंडाळू नये, मोठी सैल वेटोळी करावीत. जॅकच्या दांड्यावर हिरवट डाग दिसले तर कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसावेत. सोल्डरिंग शिकून घेतले तर फारच उत्तम, आणि गावातील टीव्ही-मिक्सर दुरुस्त करणाऱ्याकडे बसून एका दुपारी ते शिकता येते.

दिसायला सारख्या असल्या तरी वाद्याची केबल आणि स्पीकरची केबल वेगळ्या असतात. वाद्याच्या केबलमध्ये बारीक तार व तिच्याभोवती जाळी असते. ती अ‍ॅम्प आणि कॅबिनेट यांच्यामध्ये लावली तर गरम होऊन जळू शकते. स्पीकरची केबल वाद्याला लावली तर घरघर येते.

अ‍ॅम्प

अ‍ॅम्प आणि स्पीकर एकाच पेटीत असलेला कॉम्बो घ्यावा. घरच्या सरावासाठी २५ ते ४० वॅट पुरतात. ड्रमसेटबरोबर वाजवायचे असेल तर १०० वॅट आणि १२ किंवा १५ इंची स्पीकर असावा. वॅटच्या आकड्यांना भुलू नये. वॅट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबल वाढतो, आणि कानाला दुप्पट वाटण्यासाठी सुमारे दहापट वॅट लागतात. म्हणजे ५० ऐवजी १०० वॅट घेतल्याने पडणारा फरक बेताचाच असतो. तेवढाच पैसा चांगल्या स्पीकरवर खर्च केला तर अधिक ऐकू येते.

कॉम्बोला जादा कॅबिनेट जोडण्याआधी मागचे ओहमचे (स्पीकरच्या विद्युत रोधाचे) आकडे वाचावेत. आतला ८ ओहमचा आणि बाहेरचा ८ ओहमचा असे दोन स्पीकर समांतर जोडले की एकूण ४ ओहम होतात; मागे ‘किमान ४ ओहम’ लिहिले असेल तर एवढ्यावर थांबावे. खरे सांगायचे तर नवशिक्याने या फंदात पडूच नये.

आवाज लावताना पद्धत ठरवून घ्यावी. बेसवरचे सगळे नॉब पूर्ण उघडावेत, अ‍ॅम्पवरचे बास, मिडल आणि ट्रेबल सरळ वर, म्हणजे बाराच्या काट्यावर ठेवावेत, आणि मास्टर (बाहेर पडणारा एकूण आवाज) कमी ठेवून गेन (आत येणाऱ्या सिग्नलचा जोर) वाढवत जावा. सर्वांत जोरात वाजवलेल्या स्वराला आवाज फाटू लागला की गेन थोडा मागे घ्यावा आणि मग मास्टरने हवा तेवढा आवाज करावा. त्यापुढचे बदल पूर्ण बँड वाजत असतानाच करावेत. घरी एकट्याने वाजवताना बास व ट्रेबल वाढवून मिडल काढून टाकलेला आवाज फार गोड लागतो, आणि तोच आवाज चौघांमध्ये बसला की नाहीसा होतो, कारण इतर वाद्यांच्या गर्दीतून बेसचा स्वर कानापर्यंत आणणारा भाग ५०० ते ८०० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे त्याच काढून टाकलेल्या मिडलमध्ये असतो. ऐकू येत नसेल तर आधी मिडल थोडा वाढवावा, व्हॉल्यूमला नंतर हात लावावा.

पखवाज किंवा ढोलकी साथीला असेल तर आणखी एक विचार करावा. पखवाजाच्या धूमेचा घुमारा आणि बेसचा खर्ज एकाच मजल्यावर राहतात. अशा वेळी बासचा नॉब बारावरून अकरा किंवा दहावर आणावा आणि स्वर लांबवण्याऐवजी हाताच्या तळव्याने तार हलकेच दाबून तोडून वाजवावा. डबलबारीसारख्या ठिकाणी, जिथे पखवाजियाच्या हातावर श्रोत्यांचे लक्ष असते, तिथे तर बेसने मागेच राहावे.

अ‍ॅम्प कोपऱ्यात ठेवू नये. दोन भिंती आणि जमीन मिळून खर्ज इतका फुगवतात की सभागृहात नुसता गुंगाट ऐकू येतो. भिंतीपासून हात-दोन हात पुढे, प्लास्टिकच्या खुर्चीवर किंवा खोक्यावर, स्पीकर आपल्या कानाच्या दिशेने येईल असा ठेवावा. स्टेज फळ्यांचे असेल तर हा नियम अधिकच पाळावा, कारण फळ्या स्वतःच वाजू लागतात.

मंडपात आणि मोकळ्या मैदानात

गावातील मैदानावर बेसचा आवाज सगळ्यांपर्यंत पोचवणे हे आपल्या अ‍ॅम्पचे काम नव्हे. ते साउंडवाल्याच्या स्पीकरचे. आपला अ‍ॅम्प केवळ स्वतःला व ढोलकी-ड्रमवाल्याला ऐकू येण्यापुरता असतो. हे एकदा मान्य केले की मोठे कॅबिनेट एसटीच्या टपावर चढवण्याचा किंवा दाभोळ-धोपाव्याच्या फेरीबोटीत दुचाकीवर बांधून नेण्याचा प्रश्नच उरत नाही.

अ‍ॅम्पच्या मागे तीन पिनांचे डीआय आउटपुट (वाद्याचा सिग्नल थेट मिक्सरला देण्याची जागा) असेल तर तिथून माईकची साधी केबल मिक्सरला द्यावी, आणि शेजारी ‘प्री’ व ‘पोस्ट’ असा खटका असेल तर ‘प्री’ ठेवावा, म्हणजे स्टेजवर आपण नॉब फिरवले तरी मैदानातला आवाज बदलत नाही. असे आउटपुट नसेल तर एक डीआय बॉक्स विकत घ्यावा. माझ्या मते पेडलांआधी घ्यायची वस्तू हीच. पॅसिव्ह बेससाठी अ‍ॅक्टिव्ह डीआय चांगला, कारण त्याचा इनपुट सुमारे १ मेगओहमचा असतो आणि त्यामुळे पिकअपवर भार येऊन आवाज मंद होत नाही. त्याला वीज लागते. ती मिक्सरच्या ४८ व्होल्ट फँटममधून (माईकच्या केबलमधून मिक्सर पाठवतो त्या विजेतून) मिळते किंवा बॅटरीतून. अनेक लहान मिक्सरवर फँटमचा एकच खटका सगळ्या माईकना मिळून असतो आणि साउंडवाले तो लावायला नाखूश असतात, म्हणून बॅटरीवर चालणारा डीआय घ्यावा. पॅसिव्ह बेस घेऊन टाळलेली बॅटरी येथे मागच्या दाराने आत येते हे मला मान्य आहे. पण ती खोक्यात असते, वाद्यात नव्हे, आणि संपली तरी आपला अ‍ॅम्प वाजत राहतो. केबल खोचताना किंवा काढताना साउंडवाल्याला आधी चॅनल म्यूट करायला सांगावे.

ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद ठेवावे लागतात. वर्षातील ठरावीक दिवशीच राज्य सरकार ही वेळ रात्री १२ पर्यंत वाढवू शकते. खर्ज इतर स्वरांपेक्षा दूरवर आणि भिंतींतून जातो, त्यामुळे शेजारच्या वाडीतून येणारी पहिली तक्रार बेसचीच असते.

वीज

हा भाग घाईने वाचू नये. अ‍ॅम्पच्या तीन पिनांच्या प्लगमधील मोठी पिन अर्थिंगची असते, आणि घरघर घालवण्यासाठी ती कापणे किंवा दोन पिनांचा प्लग लावणे हा जिवावरचा खेळ आहे. बेसच्या तारा ब्रिजमधून, केबलच्या जाळीतून अ‍ॅम्पच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात; वाजवणाऱ्याचे हात त्या तारांवर आणि ओठ माईकच्या जाळीवर असतात. मंडपाच्या एका बोर्डला अर्थिंग नसेल आणि माईक दुसऱ्या बोर्डवरून आला असेल, तर ओठांतून झटका बसतो. जांभ्याच्या कातळात मे महिन्यात जमीन कोरडी पडते आणि तात्पुरते अर्थिंग नीट लागतच नाही, हेही लक्षात असावे. वाजवण्यापूर्वी मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून एक टोक बेसच्या तारेला आणि दुसरे माईकच्या जाळीला लावावे. थोडेही व्होल्ट दिसत असतील तर मंडपवाल्याच्या वायरमनला बोलवावे, आणि सगळी वाद्ये व मिक्सर एकाच बोर्डवर घेता येतात का ते पाहावे.

घरघरीचे निदान सोपे आहे. तारांना हात लावल्यावर ती कमी होत असेल तर ती आसपासच्या दिव्यांची आहे. वाद्य वळवून उभे राहावे. हात लावूनही फरक पडत नसेल आणि डीआय जोडल्यावरच ती सुरू झाली असेल तर डीआयवरील ‘ग्राउंड लिफ्ट’ हा खटका दाबावा. तो सिग्नलचा जमिनीशी असलेला जोड तोडतो, विजेच्या प्लगचे अर्थिंग शाबूत ठेवतो. बेसकडून येणारी केबल अ‍ॅम्पमधून उपसूनही घरघर चालूच असेल तर दोष अ‍ॅम्पमध्येच किंवा त्याच्या पुढे आहे.

परदेशातील नातेवाइकांकडून अ‍ॅम्प येण्याचे प्रमाण आपल्याकडे बरेच आहे. दुबई किंवा कुवेतहून आलेला अ‍ॅम्प २२०-२४० व्होल्टचाच असतो, फक्त त्याचा प्लग चौकोनी पिनांचा असतो. स्वस्त मल्टिप्लग वापरण्याऐवजी वायरमनकडून तो कापून आपल्याकडचा तीन पिनांचा प्लग बसवून घ्यावा. अमेरिकेतून आलेला मात्र १२० व्होल्टचा असू शकतो, आणि तो थेट लावला तर जळतो. मागची पट्टी वाचल्याशिवाय कोणताही अ‍ॅम्प लावू नये. मे आणि ऑक्टोबरमधील गडगडाटाच्या संध्याकाळी प्लग भिंतीतून काढूनच ठेवावा. नुसता खटका बंद करणे पुरेसे नसते.

ठेवणे आणि नेणे

पावसाळ्यात जांभ्याच्या बाहेरच्या भिंतीला ओल येते, म्हणून बेस त्या भिंतीवर टांगू नये. माळ्यावरही ठेवू नये, कारण उन्हाळ्यात कौलांखाली भयंकर तापते. आतल्या खोलीतील लाकडी कपाट सर्वांत बरे. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात आणि त्यांचे दाणे रंग बदलू लागले की सुकवून घ्याव्यात. पिशवी भिजली असेल तर वाद्य बाहेर काढून पिशवी पंख्याखाली वाळवावी, नाहीतर दोन दिवसांत बुरशी धरते. वाद्य रोज पंधरा मिनिटे बाहेर काढून वाजवले तर निम्मी काळजी आपोआप घेतली जाते.

पेडल केव्हा घ्यावे

पहिल्या वर्षात कोणतेही पेडल घेऊ नये. त्यानंतर एखादी अडचण वारंवार येत असेल आणि ती बोटांच्या जोराने, नॉबने किंवा अ‍ॅम्पच्या जागेने सुटत नसेल, तरच त्या अडचणीपुरते एक पेडल घ्यावे. स्वर कमी-जास्त जोराने येत असल्याची तक्रार असेल तर कॉम्प्रेसर (मोठे-लहान स्वर एका पातळीवर आणणारे पेडल) हा उपाय सांगितला जातो. पण आधी तीन महिने मेट्रोनोमवर उजव्या हाताच्या दोन बोटांचा आघात सारखा करण्याचा सराव करून पाहावा. डीआय आउटपुट असलेले प्रीअ‍ॅम्प पेडल मात्र दूरच्या गावी जाणाऱ्यांना उपयोगाचे आहे, कारण ते असले की अ‍ॅम्प घरी ठेवून बेस, एक केबल आणि हे पेडल एवढ्यावर रात्रीच्या एसटीने कार्यक्रमाला जाता येते. ते अ‍ॅडॉप्टरवर चालणारे असेल तर अ‍ॅडॉप्टर ९ व्होल्टचा आहे का, त्याच्या पिनची आतली बाजू ऋण आहे का, आणि पेडलवर छापलेल्या मिलिअँपिअरइतका प्रवाह तो देतो का, एवढे तीन आकडे-खुणा जुळवून घ्याव्यात.